एसएसएच टनेलमधून फाइलींची सुरक्षित देवाणघेवाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाइल पाठवताना ती वाटेत कोणी वाचू नये, कोणी बदलू नये आणि ती भलत्याच ठिकाणी पोहोचू नये, एवढीच अपेक्षा असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी एसएसएच आपणहून सांभाळते. तिसरी मात्र बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हातात असते आणि प्रत्यक्षात घोटाळे होतात ते तिथेच, म्हणून खालील उत्तरांत एनक्रिप्शनच्या गणितापेक्षा टनेलच्या दोन तोंडांकडे अधिक लक्ष दिले आहे. कमांड आणि त्यांचे पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात.

एसएसएच टनेल म्हणजे नेमके काय?

एसएसएच ही दोन यंत्रांमधली एनक्रिप्ट केलेली एक टीसीपी जोडणी असते आणि तिच्या पोटात एकाच वेळी अनेक स्वतंत्र चॅनल चालू शकतात. एका चॅनलमध्ये टर्मिनल असते, दुसऱ्यात फाइलींची ये-जा असते, तर तिसऱ्यात एसएसएचशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा डेटा वाहत असतो. हा तिसरा प्रकार, म्हणजे एका टोकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्रावरच्या क्रमांक दिलेल्या दारावर, आलेला डेटा जोडणीच्या आतून नेऊन दुसऱ्या टोकाला बाहेर सोडणे, याला काटेकोरपणे टनेल किंवा पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. बोलताना मात्र एसएसएचवरून जाणाऱ्या कोणत्याही फाइलीला ‘टनेलमधून पाठवली’ असे म्हटले जाते. या ढिलाईने फारसे बिघडत नाही, पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. फाइल-चॅनल एसएसएच सर्व्हरपाशी संपते, तर टनेल त्या सर्व्हरच्याही पलीकडच्या तिसऱ्या यंत्राकडे जाऊ शकते, आणि त्या शेवटच्या टप्प्यावर एसएसएचचे संरक्षण नसते.

साधी एफटीपी इतकी वर्षे चालत आली आहे, मग ती का सोडावी?

फाइली पाठवण्याची जुनी पद्धत असलेल्या एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिला, तेव्हा नेटवर्कवर मोजकी यंत्रे होती आणि वाटेत कोणी कान देऊन बसेल ही शंका घेण्याचे कारण नव्हते. त्यामुळे एफटीपीत वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि फाइलीतला मजकूर हे सारे उघड्या स्वरूपात जाते, आणि त्याच नेटवर्कवर पॅकेट टिपणारा प्रोग्रॅम चालवणाऱ्याला पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. हे काही काल्पनिक भय नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेले आणि त्यानंतर तिथल्या ततू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या जुन्या पद्धतीचा, २३. या दोघांची जागा घेणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला आणि तोच आजतागायत चालू आहे.

एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक यांपैकी काय वापरावे?

हे तिन्ही एसएसएचवरून फाइली नेऊ शकणारे प्रोग्रॅम आहेत. एकदाच एखादी फाइल पाठवायची असेल तर एससीपी पुरते. फोल्डर उघडून पाहायचे, नाव बदलायचे, काही पुसायचे, काही उतरवून घ्यायचे असे काम असेल तर एसएफटीपी घ्यावे. तेच फोल्डर पुन्हा पुन्हा जुळवून ठेवायचे असेल तर आरसिंकला पर्याय नाही, कारण ते दोन्हीकडच्या फाइलींची तुलना करून फक्त बदललेला भाग पाठवते.

एससीपीबद्दल एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. तिची मूळ पद्धत जुन्या आरसीपी या प्रोग्रॅमवरून आलेली होती आणि कोणती फाइल येणार हे ठरवण्यात सर्व्हरवर अवाजवी विश्वास टाकत होती, त्यामुळे लबाड सर्व्हर मागितलेल्या फाइलीऐवजी दुसरीच फाइल आपल्या यंत्रावर लिहू शकत असे. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचा सर्वांत प्रचलित प्रोग्रॅम) ९.० पासून एससीपी ही कमांड आतून एसएफटीपीच वापरते. एखाद्या जुन्या राउटरवर किंवा उपकरणावर एसएफटीपीची सोय नसेल तर नवी एससीपी तिथे अडते, आणि तेव्हा डॅश मोठा ओ हा पर्याय देऊन जुनी पद्धत मागावी लागते.

पोर्ट वेगळा असेल तर आणखी एक खोच आहे. एसएसएच या कमांडला पोर्ट सांगताना डॅश छोटा पी लिहितात, एससीपी आणि एसएफटीपीला मात्र डॅश मोठा पी. एससीपीत छोटा पी म्हणजे फाइलीची वेळ आणि परवानग्या जपणे. त्यामुळे चुकून छोटा पी आणि पुढे २२२२ लिहिले, तर ‘२२२२ नावाची फाइल सापडत नाही’ असा बुचकळ्यात टाकणारा निरोप येतो.

एसएफटीपी आणि एफटीपीएस एकच का?

नाही. एफटीपीएस म्हणजे जुनीच एफटीपी, वेबसाइटसाठी वापरतात त्या टीएलएसचे वेष्टन घातलेली. एसएफटीपीचा एफटीपीशी नावापुरताच संबंध आहे. ती एसएसएचच्या आत चालणारी स्वतंत्र पद्धत आहे. गंमत अशी की एसएफटीपीचा मसुदा अधिकृत मानक म्हणून कधी मंजूर झालाच नाही, तरी ओपनएसएसएचने धरलेली त्याची तिसरी आवृत्ती जगभर चालते.

एसएफटीपी आधीच सुरक्षित आहे, तर मग वेगळे टनेल कधी लागते?

बहुतेकांना लागत नाही, आणि ‘टनेल कसे बांधू’ असे विचारणाऱ्या निम्म्याअधिक जणांचे काम साध्या एसएफटीपीने भागते असा माझा अनुभव आहे. खरी गरज दोन प्रसंगी पडते. एक, फाइल ज्या यंत्रावर ठेवायची ते थेट गाठता येत नाही, फक्त मधल्या एका सर्व्हरवरून गाठता येते. दोन, पलीकडचा प्रोग्रॅम एसएसएच जाणतच नाही, त्याला आपला स्वतःचा पोर्ट हवा असतो, उदाहरणार्थ ८७३ वर ऐकणारा आरसिंकचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम.

पहिल्या प्रसंगासाठी २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये डॅश मोठा जे हा पर्याय आहे. त्यात मधल्या सर्व्हरचे नाव द्यायचे आणि पुढे अंतिम यंत्राचे. आपले यंत्र मधल्या सर्व्हरमार्फत अंतिम यंत्राशी सरळ एसएसएच जोडणी करते, त्यामुळे मधल्या सर्व्हरच्या हाती एनक्रिप्ट केलेल्या बाइट्सशिवाय काही लागत नाही. फाइल आधी मधल्या सर्व्हरवर ठेवून तिथून पुढे ढकलण्याची जुनी सवय अजून अनेकांना आहे. तिच्यामुळे मधल्या सर्व्हरवर गोपनीय फाइलींच्या प्रती साचत राहतात आणि त्या पुसायच्या राहून जातात. खासगी किल्ली (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायची गुप्त फाइल) मधल्या सर्व्हरवर ठेवणे किंवा एजंट फॉरवर्डिंग (आपल्या यंत्रावरची किल्ली दूरच्या सर्व्हरवरून वापरू देणे) चालू करणेही या पर्यायामुळे अनावश्यक ठरते. एजंट फॉरवर्डिंगमध्ये मधल्या सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता आपल्या किल्लीची प्रत घेऊ शकत नाही हे खरे, पण आपण जोडलेले असेपर्यंत तो ती किल्ली आपल्या नावाने वापरू शकतो.

दुसऱ्या प्रसंगी डॅश मोठा एल हा पर्याय वापरतात. त्यापुढे कोलनने वेगळे केलेले तीन भाग येतात. पहिला भाग आपल्या यंत्रावरचा पोर्ट, मधला पलीकडच्या यंत्राचे नाव आणि शेवटचा त्या यंत्रावरचा पोर्ट. मधल्या भागात हमखास चूक होते, कारण ते नाव आपल्या यंत्राच्या नव्हे, तर एसएसएच सर्व्हरच्या नजरेतून वाचले जाते. तिथे लोकलहोस्ट लिहिले तर त्याचा अर्थ ‘तो सर्व्हर स्वतः’ असा होतो. सोबत डॅश मोठा एन दिला की टर्मिनल न उघडता नुसते टनेल उभे राहते, आणि ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ हे सेटिंग ‘यस’ ठेवले की पोर्ट आधीच व्यापलेला असल्यास कमांड चालू राहून फसवत नाही, तिथेच थांबते.

टनेलचे दुसरे तोंड कुठे उघडते याचा विचार इथे करावाच लागतो. मधला भाग सर्व्हर स्वतःच असेल तर डेटा त्याच यंत्रात बाहेर पडतो, बाहेरच्या तारेवर येत नाही. तो भाग तिसरे यंत्र असेल तर सर्व्हरपासून त्या यंत्रापर्यंतचा प्रवास मूळ प्रोग्रॅम जसा करील तसा, म्हणजे बऱ्याचदा उघड्यावर होतो. आपल्या बाजूचे तोंड साधारणपणे १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावरच उघडते, पण यंत्र अनेकांच्या वापरातले असेल तर त्यावर लॉगिन केलेला कोणीही त्या पोर्टमधून पलीकडे जाऊ शकतो.

जुना एफटीपी सर्व्हर बदलता येत नाही. त्याची जोडणी टनेलमधून नेली तर चालेल का?

दिसते तितके सोपे नाही. एफटीपी दोन जोडण्या वापरते: पोर्ट २१ वर आज्ञा जातात आणि प्रत्येक फाइलीसाठी वेगळ्या पोर्टवर दुसरी जोडणी उघडते. आपण २१ चे टनेल बांधले तर पासवर्ड झाकला जातो, पण फाइल त्या दुसऱ्या जोडणीने टनेलबाहेरून उघडीच जाते किंवा मुळीच जात नाही. ज्याला ‘लॉगिन होते, पण यादी दिसत नाही’ असे म्हणतात तो प्रकार बहुधा हाच असतो. सर्व्हरला पॅसिव्ह पोर्टांची (फाइलींच्या जोडणीसाठी तो उघडतो त्या पोर्टांची) छोटी ठरावीक मर्यादा घालून त्या प्रत्येक पोर्टसाठी वेगळे टनेल बांधण्याची खटपट काही जण करतात. त्याच यंत्रावर एसएसएच चालू असेल तर एवढे करण्यापेक्षा तिथल्या फोल्डरला सरळ एसएफटीपीने हात घालणे शहाणपणाचे.

पहिल्यांदा जोडताना अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवून ‘यस’ की ‘नो’ असे विचारले जाते. तिथे काय करायचे?

सगळेच जण ‘यस’ लिहून पुढे जातात, आणि या पानावरच्या सगळ्या विषयांत हीच गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. ती ओळ म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या त्याच्या होस्ट किल्लीचा ठसा असतो. आपण ज्याला फाइल देणार आहोत तो खरोखर तोच सर्व्हर आहे, याचा एसएसएचकडे असलेला एकमेव पुरावा तो. ठसा न तपासता होकार दिला आणि मध्ये कोणी बसलेला असेल, तर एनक्रिप्शन उत्तम चालेल, पण ते त्या मधल्या माणसापर्यंतच.

पासवर्ड वापरत असाल तर तो पासवर्ड त्याच्या हाती जातो. किल्लीने लॉगिन करत असाल तर सही त्याच एका सत्राशी बांधलेली असल्याने त्याला ती पुढे खऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही, आणि त्यामुळे अनेकांना वाटते की आपण सुटलो. पण फाइल चढवणाऱ्याच्या बाबतीत ही सुटका अपुरी आहे, कारण खोटा सर्व्हर कोणतीही किल्ली बिनदिक्कत मान्य करू शकतो आणि आपली फाइल शांतपणे घेऊन ‘पोहोचली’ म्हणून सांगू शकतो.

तपासण्याची रीत अवघड नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याने त्या यंत्राच्या कन्सोलवर एसएसएच-कीजेन ही कमांड डॅश एल पर्यायासह होस्टच्या सार्वजनिक किल्लीवर चालवावी आणि निघालेला ठसा वेगळ्या मार्गाने, म्हणजे फोनवर वाचून किंवा आधीच छापलेल्या सूचनापत्रातून, वापरणाऱ्यांना द्यावा. २०१९ च्या ८.० आवृत्तीपासून ‘यस’च्या जागी तो ठसाच चिकटवता येतो, जुळला तर जोडणी होते, न जुळला तर पुन्हा विचारणा होते. दोन लांब ओळी डोळ्यांनी जुळवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे, कारण डोळा पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानतो.

‘होस्टची ओळख बदलली आहे’ असा मोठा इशारा आला. जुन्या किल्लीची नोंद असलेली ओळ पुसून पुढे जावे का?

आधी कारण शोधावे. सर्व्हर नव्याने बसवला असेल किंवा तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला असेल, तर इशारा साहजिक आहे. तसे असल्याचे सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून कळल्यावर आणि नवा ठसा मिळाल्यावर एसएसएच-कीजेन डॅश मोठा आर वापरून जुनी नोंद काढावी. टनेल वापरणाऱ्यांना हाच इशारा एका निरुपद्रवी कारणानेही दिसतो. मी स्वतः एकदा २२२२ या पोर्टवर सकाळी एका यंत्राचे आणि दुपारी दुसऱ्याच यंत्राचे टनेल बांधले. एसएसएचच्या लेखी दोन्हींचा पत्ता लोकलहोस्ट आणि २२२२ हाच, त्यामुळे दुपारी इशारा झळकला आणि हल्ला झाल्याच्या समजुतीने मी तासभर लॉग चाळत बसलो. अशा वेळी ‘होस्ट की अलियास’ या सेटिंगने प्रत्येक यंत्राला स्वतःचे नाव द्यावे. इशारे येऊच नयेत म्हणून ठसा तपासणेच बंद करण्याचा जो सल्ला ठिकठिकाणी दिसतो, तो घेऊ नये.

पासवर्ड चांगला की किल्ली?

किल्ली. पासवर्ड सर्व्हरपर्यंत जातो, खासगी किल्ली आपले यंत्र कधीच सोडत नाही. आणि इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम दिवसरात्र पासवर्ड घासून पाहत असतात, किल्लीपुढे त्यांचे काही चालत नाही. नवी किल्ली बनवताना ईडी२५५१९ हा प्रकार घ्यावा. २०२३ च्या ९.५ आवृत्तीपासून काही न सांगता तोच मिळतो. किल्लीला पासफ्रेज द्यावा, कारण लॅपटॉप हरवला तर मधे उभा राहतो तो तेवढाच. दर वेळी तो टाइप करण्याचा कंटाळा येत असेल तर एसएसएच एजंट तो सत्रभर लक्षात ठेवतो. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपसाठी पासफ्रेज देता येत नाही, तेव्हा त्या कामापुरती वेगळी किल्ली बनवावी आणि सर्व्हरवर तिचे हात बांधावेत. ते कसे, हे पुढे आले आहे.

किल्ली बरोबर ठेवली आहे, तरी सर्व्हर पासवर्डच मागतो. असे का होते?

दहापैकी नऊ वेळा परवानग्यांमुळे, आणि त्याही सर्व्हरकडच्या. आपल्या होम फोल्डरवर, त्यातल्या डॉट-एसएसएच फोल्डरवर किंवा प्रवेश दिलेल्या किल्ल्यांची यादी असलेल्या ऑथराइज्ड-कीज या फाइलीवर आपल्याखेरीज कोणाला लिहिता येत असेल, तर सर्व्हर ती किल्ली मुकाट्याने नाकारतो. तो आपल्याला कारण सांगत नाही, फक्त स्वतःच्या लॉगमध्ये ‘मालकी किंवा परवानगी चुकीची’ अशा अर्थाची एक ओळ लिहितो. डॉट-एसएसएचला ७०० आणि ऑथराइज्ड-कीजला ६०० (म्हणजे फक्त मालकालाच परवानगी) दिली आणि होम फोल्डरवरून गटाची लिहिण्याची परवानगी काढली की दार उघडते. होम फोल्डर तपासायचे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आपल्या बाजूला खासगी किल्लीची फाइलही ६०० हवी. ती इतरांना वाचता येत असेल तर मात्र एसएसएच स्पष्ट शब्दांत तक्रार करते.

बाहेरच्या व्यक्तीला फक्त फाइली ठेवण्यापुरताच प्रवेश कसा द्यावा?

तिच्यासाठी वेगळे खाते आणि वेगळा गट करावा, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्या गटासाठी ‘मॅच’ विभाग लिहून ‘फोर्स कमांड’ला ‘इंटर्नल एसएफटीपी’ आणि ‘च्रूट डिरेक्टरी’ला एक ठरावीक फोल्डर द्यावे. मग त्या व्यक्तीला तेवढे फोल्डर म्हणजेच सगळे जग दिसते. ते वरचे फोल्डर आणि त्याच्यापर्यंतच्या वाटेतले प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचे असावे लागते आणि इतर कोणालाही तिथे लिहिता येता कामा नये, नाहीतर जोडणी होताक्षणी तुटते. म्हणून आत ‘आवक’ किंवा तशा नावाचे उपफोल्डर करून त्याचीच मालकी त्या खात्याला देतात.

एवढे करूनही एक फट राहते. शेल, म्हणजे कमांड चालवण्याची सोय, काढून घेतला किंवा फक्त एसएफटीपी सक्तीची केली, तरी पोर्ट फॉरवर्डिंग त्यामुळे बंद होत नाही. ते खाते डॅश मोठा एन वापरून आपल्या आतल्या नेटवर्कवरच्या कोणत्याही यंत्रापर्यंत टनेल बांधू शकते. त्यासाठी ‘अलाउ टीसीपी फॉरवर्डिंग’ ‘नो’ असे त्याच विभागात लिहावे. एखाद्याच किल्लीला आवर घालायचा असेल तर ऑथराइज्ड-कीजमध्ये त्या ओळीच्या आरंभी ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लिहिला की टनेल, एजंट, टर्मिनल सारे एकदम बंद होते. त्याच्याच जोडीला ठरावीक कमांडही बांधून देता येते. रात्रीच्या बॅकअपची पासफ्रेज नसलेली किल्ली अशीच जखडून ठेवावी.

उलट दिशेचे टनेल म्हणजे काय, आणि ते धोक्याचे आहे का?

ज्या यंत्रावरून फाइल हवी ते बाहेरून गाठता येत नसेल, पण ते स्वतः बाहेर जाऊ शकत असेल, तर त्याच्यावरूनच डॅश मोठा आर पर्यायाने सर्व्हरवर एक पोर्ट उघडता येतो आणि त्या पोर्टमधून मागे येऊन फाइल घेता येते. हा पोर्ट मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरच उघडतो. ‘गेटवे पोर्ट्स’ हे सेटिंग बदलले की मात्र तो साऱ्या जगाला खुला होऊ शकतो आणि फायरवॉलच्या आतले यंत्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना बाहेर उघडे पडते. नेटवर्क दुसऱ्याचे असेल तर त्याच्या जबाबदार व्यक्तीला विचारल्याशिवाय असे टनेल बांधू नये.

मोठी फाइल अर्ध्यावर तुटते. काय करावे?

टनेल निवांत पडले असेल तर वाटेतला राउटर किंवा फायरवॉल ती जोडणी मृत समजून विसरतो. ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ला ३० सेकंद दिले की एसएसएच अधूनमधून हाक देत राहते आणि मूळ सेटिंगप्रमाणे लागोपाठ ३ हाकांना उत्तर न मिळाल्यास, म्हणजे सुमारे दीड मिनिटात, जोडणी तुटल्याचे मान्य करते. तुटलेले काम पुढे चालवायला एसएफटीपीत रीगेट आणि रीपुट आहेत, आरसिंकला ‘पार्शल’ हा पर्याय द्यावा. तो न दिल्यास आरसिंक अर्धी फाइल टाकून देते.

यापेक्षा कमी ध्यानात येणारी अडचण पलीकडच्या टोकाला असते. एससीपी आणि एसएफटीपी शेवटच्या नावानेच फाइल लिहायला सुरुवात करतात, त्यामुळे त्या फोल्डरवर नजर ठेवून बसलेला प्रोग्रॅम अर्धी फाइलच उचलू शकतो. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने चढवावी आणि पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे. आरसिंक हे आपणहून करते.

आरसिंकचा विषय निघाला आहे तर तिरक्या रेघेबद्दल बजावणे भाग आहे. स्रोत फोल्डरच्या नावापुढे ती रेघ असेल तर फोल्डरच्या आतला ऐवज जातो, नसेल तर फोल्डर जाते. सोबत ‘डिलीट’ पर्याय असेल तर या एका रेघेने पलीकडचे होत्याचे नव्हते होते. मी ते एकदा करून बसलो आहे. तेव्हापासून डॅश एन देऊन कोरडी फेरी पाहिल्याशिवाय ‘डिलीट’ चालवत नाही.

वेग फार कमी मिळतो. एनक्रिप्शनमुळे का?

आजच्या प्रोसेसरवर सहसा नाही. दोष बहुधा अंतराचा असतो. ओपनएसएसएचमध्ये एका चॅनलवर पोच न मिळता वाटेत असू शकणारा डेटा साधारण २ एमबीपुरता मर्यादित असतो. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागणाऱ्या मार्गावर याचा अर्थ सेकंदाला सुमारे १० एमबी, मग लाइन कितीही रुंद असो. अशा वेळी फाइली दोन-तीन स्वतंत्र जोडण्यांत वाटून पाठवल्या तर एकूण वेग वाढतो. हजारो बारीक फाइली असतील तर प्रत्येकीमागे उघडणे-मिटणे असते. त्या टार या कमांडने एकत्र बांधून तो प्रवाहच एसएसएचमधून पलीकडे उलगडावा. डॅश मोठा सी हे कॉम्प्रेशन मजकुराच्या फाइलींना उपयोगी पडते, फोटो, व्हिडिओ आणि झिपला नाही.

फाइल जशीच्या तशी पोहोचली याची खात्री कशी करावी?

एसएसएच प्रत्येक पॅकेटची अखंडता तपासते, त्यामुळे वाटेत बाइट बदलण्याची काळजी नको. पण भरलेली डिस्क, अर्धवट चढवलेली फाइल किंवा मुळात चुकीची निवडलेली फाइल तिला ओळखता येत नाही. दोन्ही टोकांना एसएचए-२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून जुळवावा.

विंडोजवर काय वापरावे?

२०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच आधीच बसवलेले असते, त्यामुळे वरील कमांड जवळपास तशाच चालतात. खिडक्यांतून काम करायचे असेल तर विनएससीपी आणि फाइलझिला आहेत. पुट्टी या विंडोजवरच्या एसएसएच प्रोग्रॅमची किल्ली पीपीके या वेगळ्या स्वरूपात असते, ती ओपनएसएसएचला द्यायची तर पुट्टीजेनमधून रूपांतर करावे लागते.

पोर्ट २२ बदलल्याने सुरक्षितता वाढते का?

लॉगमधला गोंगाट कमी होतो, इतकेच.

एसएसएचमध्येच दोष सापडल्याच्या बातम्या येतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

बातम्या खऱ्या आहेत, पण त्या नीट वाचाव्यात. डिसेंबर २०२३ मधल्या टेरापिन हल्ल्यात जोडणीच्या आरंभीची काही पॅकेट गुपचूप गाळता येत होती; फाइलीतला मजकूर वाचता येत नव्हता. त्यावरचा उपाय ९.६ मध्ये आला, मात्र तो दोन्ही टोके अद्ययावत असतील तरच लागू पडतो. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून शोधता शोधता एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत पेरलेले चोरदार सापडले. ते ओपनएसएसएचमध्ये नव्हते, काही लिनक्स वितरणांत त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्येच एक गंभीर दोष निघाला आणि ९.८ मध्ये तो दुरुस्त झाला.

ज्या फाइली पुढची वीस वर्षे गुप्त राहायला हव्यात त्यांच्याबाबत एक वेगळी चिंता आहे. आज टिपून ठेवलेला डेटा उद्याच्या क्वांटम संगणकाने उलगडला जाऊ शकतो. ओपनएसएसएचने यासाठी ९.० पासून क्वांटमलाही पुरून उरेल अशी मिश्र किल्ली-देवाणघेवाण मूळ सेटिंगमध्येच ठेवली आहे. दोन्ही बाजूंना त्यानंतरची आवृत्ती असेल तर वेगळे काही करावे लागत नाही.

काम संपल्यावर काय काय बंद करावे?

डॅश एफ देऊन पार्श्वभूमीत सोडलेले टनेल टर्मिनल मिटल्यावरही जिवंत राहते. एसएस या कमांडने ऐकत असलेल्या पोर्टांची यादी काढून ते शोधावे आणि थांबवावे. सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीजमधली पाहुण्यांची ओळ काढून टाकावी. त्या ओळीच्या शेवटी जो टीपेचा भाग असतो, तिथे किल्ली बनवतानाच कोणाची, कशासाठी आणि कोणत्या महिन्यापर्यंत हे लिहून ठेवले असेल तर वर्षभराने कोणती ओळ काढायची हे कळते. नाहीतर तिथे सारख्या दिसणाऱ्या दहा ओळी असतात आणि काम अडेल या भीतीने कोणी एकीलाही हात लावत नाही.